आघाताची जैविक खूण आणि दुःखाचा पुरावा : खानदेशाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

मनावर झालेला आघात केवळ मनात राहत नाही, तो शरीरातही उतरतो, ही समजूत मराठी माणसाला नवी नाही. तरणा मुलगा गेल्यावर आईने हाय खाल्ली, बँकेच्या नोटिशीचा बापाने धसका घेतला, काळजीने रक्त आटले, असे जळगाव-धुळ्याकडील कोणत्याही गावात सहज बोलले जाते. या बोलण्यात मन आणि शरीर अशी दोन खाती नसतात. धसका मनाने घेतलेला असतो, पण अंथरूण शरीर धरते.

गेल्या दोन दशकांत या लोकसमजुतीला प्रयोगशाळेतून एक प्रकारचा दुजोरा मिळू लागला आहे. आघातोत्तर तणाव विकाराने ग्रस्त असलेल्या व्यक्तींच्या शरीरात सौम्य पण दीर्घकाळ टिकणारा दाह आढळतो आणि या दोहोंमधील दुवा जनुकांवरील रासायनिक खुणांमध्ये, म्हणजे एपिजेनेटिक बदलांमध्ये असावा, असे प्रतिपादन अनेक संशोधकांनी केले आहे. हे प्रतिपादन आता वैद्यकाच्या नियतकालिकांपुरते उरलेले नाही. साहित्यसमीक्षेत, समाजशास्त्रात आणि वंचित समूहांच्या इतिहासलेखनात ‘पिढ्यान्पिढ्यांचे दुःख रक्तात उतरते’ अशा विधानाला आधार म्हणून ते वापरले जाऊ लागले आहे. विधान आकर्षक आहे, आणि नेमके म्हणूनच त्याची चिकित्सा आवश्यक ठरते. आघात आणि दाह यांचा संबंध पुरेसा भक्कम आहे. परंतु त्या संबंधाला दुःखाचा दाखला किंवा दुःखाचा वारसा मानण्याइतके बळ त्यात नाही. ज्या प्रदेशात दुःखाचा कागदोपत्री पुरावा मागितला जातो, त्या प्रदेशात हा फरक केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा राहत नाही.

संबंधाची जैविक बाजू

शरीरातील बहुतेक सर्व पेशींमध्ये जनुकांचा संच एकच असतो. तरीही यकृताची पेशी यकृताचे आणि मेंदूची पेशी मेंदूचे काम करते. कोणते जनुक कोठे बोलके ठेवायचे आणि कोठे मुके, याची व्यवस्था जनुकांच्या अक्षरक्रमाबाहेर असते. सी. एच. वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये ‘एपिजेनेटिक्स’ ही संज्ञा रूढ केली तेव्हा या व्यवस्थेचे रसायन ज्ञात नव्हते. आज तिचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला भाग म्हणजे डीएनएचे मिथिलीकरण. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा लहानसा मिथिल गट डीएनएमधील सायटोसिन या घटकाला चिकटतो आणि पुष्कळदा शेजारच्या जनुकाचे काम मंदावते. जनुक बदलत नाही, त्याचा वापर बदलतो.

आघाताचा या व्यवस्थेशी संबंध येतो तो कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या मार्गाने. संकट ओढवले की मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालील पिट्युटरी आणि मूत्रपिंडावरील अॅड्रिनल ग्रंथी यांची साखळी कार्यरत होऊन कॉर्टिसॉल स्रवते. कॉर्टिसॉलचे एक महत्त्वाचे काम म्हणजे दाह आवरणे. जखम झाल्यावर तेथे सूज, उष्णता आणि लाली येते, ती शरीराच्या संरक्षणासाठीच. परंतु काम झाल्यावर ती शमली पाहिजे. आघातोत्तर तणाव विकारात भयाची यंत्रणा चालूच राहते आणि कॉर्टिसॉलचा लगाम मात्र बिघडतो. ‘एफकेबीपी५’ या जनुकापासून बनणारे प्रथिन कॉर्टिसॉलच्या ग्राहकाची संवेदनक्षमता कमी करते. क्लेंगेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये असे दाखवले की, या जनुकाचे विशिष्ट रूप असलेल्या आणि बालपणी अत्याचार सोसलेल्या व्यक्तींमध्ये या जनुकावरील काही मिथिल खुणा गळून पडलेल्या असतात. पुढे २०१९ मध्ये झानास आणि सहकाऱ्यांनी वय व ताण यांमुळे याच जनुकाची सक्रियता वाढून रोगप्रतिकारक पेशींतील दाह कसा चेतवला जातो, याचा माग काढला. आघातापासून दाहापर्यंतची वाट एका विशिष्ट रेणूतून जाताना येथे प्रथमच बऱ्यापैकी स्पष्ट दिसते.

या वाटेच्या दुसऱ्या टोकाला जी व्याधींची रांग आहे, ती काल्पनिक नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात असलेल्या अमेरिकी जुळ्या भावंडांच्या अभ्यासात (२०१३) हा विकार असलेल्या भावांमध्ये हृदयरोगाचे प्रमाण तो नसलेल्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. स्वीडनमधील नोंदवहीवर आधारित आणि एक लाखाहून अधिक रुग्णांच्या २०१८ मधील अभ्यासात, तणावजन्य विकार झालेल्यांना पुढे संधिवातासारखे स्वयंप्रतिकारक रोग होण्याचा धोका वाढलेला दिसला. ‘धसका घेतला आणि माणूस खंगला’ या लोकोक्तीला याहून मोठा वैद्यकीय दुजोरा क्वचितच मिळाला असेल.

पुराव्याची मर्यादा

तथापि, या दोन टोकांना जोडणाऱ्या एपिजेनेटिक दुव्याकडे बारकाईने पाहिले म्हणजे चित्र बरेच विरळ होते. या विषयातील आरंभीचा आणि वारंवार उद्धृत होणारा अभ्यास उद्दिन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये डेट्रॉइट शहरातील अवघ्या १०० व्यक्तींच्या रक्तावर केला. विकारग्रस्तांमध्ये रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांवरील मिथिल खुणा वेगळ्या दिसल्या. २०११ मध्ये अटलांटा येथील आफ्रिकी-अमेरिकी नागरिकांच्या अभ्यासाने तशाच स्वरूपाचा निष्कर्ष काढून त्याला रक्तातील सायटोकाइन या दाहकारक द्रव्यांच्या मापनाची जोड दिली. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत आणि दोन्ही लहान आहेत. शिवाय दोन्हींमध्ये तपासले गेले ते रक्त. रक्त हे अनेक प्रकारच्या पेशींचे मिश्रण होय. एखाद्या माणसाच्या रक्तात एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढल्या, तर एकाही पेशीवरील एकही खूण न बदलता सरासरी मिथिलीकरण बदललेले दिसते. पुढील संशोधनाने हा दोष गणिताने दूर करण्याचा प्रयत्न केला आहे. पण रक्तातील खूण मेंदूतील खुणेची प्रतिनिधी आहे की नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

दाहाशी थेट जोडलेला पुरावा मिलर आणि सहकाऱ्यांच्या २०१८ मधील अभ्यासात येतो. इराक-अफगाणिस्तानच्या कालखंडातील सुमारे तीनशे माजी सैनिकांमध्ये विकाराची तीव्रता आणि ‘सीआरपी’ या दाहनिदर्शक प्रथिनाची पातळी यांच्यामध्ये ‘एआयएम२’ या जनुकावरील मिथिलीकरण ‘मध्यस्थ’ असल्याचे त्यांनी मांडले. ‘एआयएम२’ पेशीत शिरलेला परका डीएनए ओळखून दाहाची यंत्रणा चेतवते, त्यामुळे हा निष्कर्ष जैविकदृष्ट्या सयुक्तिक वाटतो. परंतु येथील ‘मध्यस्थ’ हा शब्द संख्याशास्त्रातील आहे. आघात, खूण आणि दाह ही तिन्ही मापे एकाच वेळी घेतली असता त्यांचा क्रम गणित ठरवू शकत नाही. तो संशोधकाने आधीच गृहीत धरलेला असतो.

आणि क्रम उलटाही असू शकतो. अमेरिकी मरीन सैनिकांच्या २०१४ मधील अभ्यासात युद्धावर जाण्यापूर्वीच्या रक्तात ‘सीआरपी’ अधिक असलेल्यांना परतल्यानंतर विकाराची लक्षणे अधिक दिसली. अर्थात दाह आधी, आघात नंतर. हा निष्कर्ष समीक्षात्मक लेखनात फारसा उल्लेखला जात नाही. ‘दुःखाने शरीर जळते’ या रूपकाला तो गैरसोयीचा आहे. जे शरीर उपासमार, जंतुसंसर्ग किंवा कष्ट यांनी आधीच धगधगत असते, तेच पुढील आघाताखाली लवकर मोडते, असे त्यातून सुचते. गरिबांच्या बाबतीत हे सुचवणे अधिक अस्वस्थ करणारे आहे, कारण त्यात दोष एकाच भयंकर दिवसाचा उरत नाही.

तंबाखूचा मुद्दा मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. २०२० मध्ये लष्करी आणि नागरी अशा १० गटांतील सुमारे १९०० व्यक्तींची माहिती एकत्र करून या विकाराच्या एपिजेनेटिक खुणांचा तोवरचा मोठा शोध घेण्यात आला. सर्वांत ठळकपणे पुढे आलेले जनुक होते ‘एएचआरआर’. हे जनुक धूम्रपानाची सर्वश्रुत खूण आहे. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात ते इतके हमखास बदलते की, त्यावरून धूम्रपान ओळखता येते. धूम्रपान न करणाऱ्यांमध्येही हा संबंध टिकतो, असे संशोधकांनी दाखवले, आणि त्यात तथ्य असावे. परंतु हा अभ्यास खानदेशात आणून पाहावा. तेथे पुरुषाच्या खिशात बिडी किंवा तंबाखू-चुन्याची डबी असते. बाईच्या हाती सकाळी मिसरी असते, आणि प्रश्नावलीत ‘तुम्ही धूम्रपान करता का?’ असे विचारले असता ती निःशंकपणे ‘नाही’ असे उत्तर देते. ते उत्तर खोटे नाही. प्रश्नच तिच्यासाठी रचलेला नाही.

खानदेशातील शरीर

वर उल्लेखिलेल्या अभ्यासांत डेट्रॉइट आहे, अटलांटा आहे, स्वीडन आहे. या शरीरांवरून काढलेले निष्कर्ष तापीच्या खोऱ्यातील शरीराला लावताना कोणत्या गोष्टी आड येतात, याचा विचार क्वचितच होतो. पहिली गोष्ट आहार. मिथिल गट हवेतून येत नाही. तो शरीरात तयार होण्यासाठी फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे लागतात. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू केलेल्या मातापोषण अभ्यासाने आणि त्यानंतरच्या कामाने महाराष्ट्रात बी-१२ ची कमतरता किती व्यापक आहे आणि गर्भवतीच्या पोषणाचे परिणाम अपत्याच्या शरीररचनेवर कसे होतात, हे दाखवून दिले. शाकाहार आणि दूध-दुभत्याची टंचाई एकत्र आली की ही कमतरता वाढते. तेव्हा पारोळा किंवा साक्री तालुक्यातील एखाद्या स्त्रीच्या रक्तात मिथिल खुणा कमी आढळल्या, तर त्या तिच्या नवऱ्याच्या मृत्यूच्या आहेत की तिच्या ताटाच्या, हे त्या रक्तावरून सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट दाहाची. ‘सीआरपी’ हे यकृतात तयार होणारे प्रथिन आघाताची चाहूल ओळखत नाही. हिवताप, हिरड्यांचे दुखणे, क्षय, लठ्ठपणा, तंबाखू यांपैकी कशानेही ते वाढते. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल आजार आहे, आणि त्यात दाह हा रोगाचाच भाग असतो. कापसाच्या शेतात फवारणीची द्रव्ये अंगावर घेणारा मजूर आणि भुसावळच्या वैशाखात केळीच्या बागेत राबणारी बाई यांच्या शरीरावरचा ताण कोणत्या रकान्यात भरायचा, हे या अभ्यासांच्या आराखड्यातून कळत नाही. यावर कोणी म्हणेल की, चांगल्या संशोधनात हे सर्व घटक वजा करता येतात. येतात, परंतु वजाबाकीनंतर जो ‘शुद्ध आघात’ उरतो, तसा आघात या प्रदेशात कोणाच्या वाट्याला येतो काय? येथील आघात उपासासकट, उन्हासकट, कर्जासकट येतो.

विकाराच्या व्याख्येतच हा प्रश्न दडलेला आहे. आघातोत्तर तणाव विकार ही निदानसंज्ञा अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९८० मध्ये आली आणि तिच्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा दीर्घ संघर्ष होता. एक घटना, तिच्यापूर्वीचे स्वस्थ जीवन आणि तिच्यानंतरचे मोडलेले जीवन, असा सैनिकाच्या अनुभवाचा आराखडा या संज्ञेत आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ डेरेक समरफील्ड यांनी २००१ मध्ये या संज्ञेच्या सामाजिक उपयुक्ततेवर कठोर टीका केली. ती काहीशी टोकाची असली तरी तिचा रोख योग्य होता. २०१३ च्या सुधारित व्याख्येनुसारही घटना मृत्यूच्या, गंभीर इजेच्या किंवा लैंगिक हिंसेच्या स्वरूपाची असावी लागते. आप्ताचा मृत्यू हिंसक वा अपघाती असेल तरच तो गणला जातो. ही कसोटी कर्जबाजारी शेतकऱ्याच्या कुटुंबाला लावली असता विचित्र परिणाम होतो. नवऱ्याने विष घेतले तो दिवस व्याख्येत बसतो. त्यापूर्वीची सहा वर्षे, सावकाराच्या खेपा, दुबार पेरणी, मोडलेले डोरले, मुलीची सुटलेली शाळा, यांतील काहीच बसत नाही. आणि दाहाच्या दृष्टीने शरीराला जाळण्याचे काम कदाचित त्याच सहा वर्षांनी केलेले असते.

पात्र आणि अपात्र

येथे प्रश्न प्रयोगशाळेबाहेर पडतो. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत देण्यासंबंधी महाराष्ट्र शासनाने जानेवारी २००६ मध्ये निकष ठरवले. शेतजमीन मृताच्या वा कुटुंबाच्या नावे असणे, राष्ट्रीयीकृत वा सहकारी बँकेचे अथवा परवानाधारक सावकाराचे कर्ज असणे, ते न फेडल्यामुळे तगादा असणे, या बाबी सिद्ध झाल्या म्हणजे जिल्हास्तरीय समिती प्रकरण ‘पात्र’ ठरवते, अन्यथा ‘अपात्र’. खानदेशात बरीच कर्जे कृषिकेंद्राच्या उधारीची, नातेवाइकांची किंवा बिनपरवाना सावकाराची असतात. सातबारा पुष्कळदा सासऱ्याच्या नावे असतो. मृत्यू तोच, विष तेच. पण कागद नसेल तर दुःख अपात्र.

भूगोलही असाच निकष बनतो. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी ३७५० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले ते विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी. बुलढाणा त्यांत होता. त्याला लागून असलेला जळगाव नव्हता. मलकापूरची काळी जमीन मुक्ताईनगरला येईपर्यंत काही बदलत नाही, कापूसही तोच असतो. प्रशासनाला कोठे तरी रेषा ओढावीच लागते, हे मान्य करूनही, रेषेच्या अलीकडील घराला ती कशी दिसली असेल हे समजण्यासाठी फार कल्पनाशक्ती लागत नाही.

अशा व्यवस्थेच्या हाती आघाताची ‘जैविक खूण’ सापडली तर काय होईल? वरकरणी वाटते की, हे वंचितांच्या हिताचे ठरेल. सातबारा नसलेल्या विधवेचे दुःख निदान तिचे रक्त तरी सिद्ध करील. हा युक्तिवाद सद्हेतूने केला जातो आणि तोच सर्वांत धोक्याचा आहे. वर पाहिलेले सर्व निष्कर्ष समूहांच्या सरासरीचे आहेत. विकारग्रस्तांच्या आणि इतरांच्या मापांमध्ये प्रचंड सरमिसळ असते. कोणत्याही एका व्यक्तीचे मिथिलीकरण पाहून तिने आघात सोसला की नाही, हे सांगणारी चाचणी उपलब्ध नाही. अशी चाचणी कोणी विकू लागले, तर तिच्यात उत्तीर्ण होणाऱ्यांपेक्षा अनुत्तीर्ण होणाऱ्यांची चिंता अधिक केली पाहिजे. सोसूनही जिच्या रक्तात खूण उमटली नाही, ती बाई सातबारा नसलेल्या बाईच्या शेजारी अपात्रांच्या यादीत जाऊन बसेल. जिथे तिच्या शब्दावर विश्वास ठेवला जात नाही, तिथे तिच्या पेशीवर ठेवला जाईल, हे न्यायाचे लक्षण नव्हे.

वारशाचा मोह

दुसरा धोका वारशाचा आहे. येहुदा आणि सहकाऱ्यांचा २०१६ मधील अभ्यास ‘छळछावण्यांतील आघात मुलांच्या जनुकांत उतरला’ अशा मथळ्यांनी जगभर गाजला. मूळ शोधनिबंध याहून पुष्कळ सावध आहे. त्यात ३२ वाचलेल्या व्यक्ती आणि त्यांची २२ प्रौढ अपत्ये होती. तुलनेसाठीच्या गटात ८ पालक आणि ९ अपत्ये. ‘एफकेबीपी५’ जनुकाच्या एकाच जागी पालकांमध्ये मिथिलीकरण अधिक आढळले आणि अपत्यांमध्ये कमी. म्हणजे ‘उतरलेली’ खूण उलट दिशेची होती. ही मुले छावणीतून वाचलेल्या आई-बापांच्या घरात वाढली, त्यांच्या दुःस्वप्नांच्या आवाजाने रात्री जागी झाली. हेच त्यांच्या शरीराला पुरेसे कारण असू शकते. १९४४-४५ च्या डच दुष्काळाच्या अभ्यासात (२००८) गर्भावस्थेत उपासमार सोसलेल्यांच्या ‘आयजीएफ२’ जनुकावर सहा दशकांनंतरही कमी मिथिलीकरण आढळले, ते लक्षणीयच आहे. परंतु तेथे गर्भ स्वतःच उपाशी होता. आईने सोसलेले आणि बाळाने स्वतः सोसलेले यांत फरक केला नाही, तर ‘वारसा’ हा शब्द सैल होतो.

खानदेशात या सैलपणाला इतिहास आहे. १८२५ मध्ये जेम्स आउटरॅम यांनी धरणगावला भिल्ल पलटण उभारली, तेव्हापासून भिल्लांच्या ‘स्वभावा’विषयी इंग्रज अधिकाऱ्यांनी भरपूर लिहून ठेवले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर गुन्हेगारी हा जन्मजात वारसा आहे असे गृहीत धरून माणसांची नोंद केली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, नजर रद्द झाली नाही. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले, ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. अनोळखी, फाटका, भटका माणूस म्हणजे गुन्हेगार, हे समीकरण भ्रमणध्वनीवरील अफवेने निर्माण केलेले नव्हते. अफवेने ते केवळ वापरले. ज्या समूहांना एकदा ‘रक्तातच गुन्हा’ असल्याचे सांगितले गेले, त्यांना आता सहानुभूतीपोटी ‘रक्तातच आघात’ असल्याचे सांगितले जात आहे. हेतू बदलला, वाक्याची रचना तीच राहिली. त्या पाच घरांतील मुलांची झोप उडाली असेल, तर त्याची कारणे शोधण्यासाठी त्यांच्या जनुकांपर्यंत जाण्याआधी त्यांच्या पालावर रेशनकार्ड, शाळा आणि पोलिसांची वागणूक यांची चौकशी करता येते.

भाषेची साक्ष

‘दाह’ हा शब्द मराठीत दुहेरी आहे. वैद्याच्या तोंडी तो शरीराचा, आणि कवीच्या तोंडी मनाचा. ‘जीव जळणे’, ‘काळीज करपणे’, ‘आतल्या आत झुरणे’ या प्रयोगांत मन आणि शरीर यांची फारकत झालेलीच नाही. म्हणून नव्या विज्ञानाने आपलेच जुने शहाणपण सिद्ध केले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. भाषेला सायटोकाइन ठाऊक नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते की, सोसणारे माणूस एकसंध असते. ‘धसका’ या शब्दात कोणी, कशाचा, केव्हा हे सांगावेच लागते. धसका नेहमी कशाचा तरी असतो. मिथिल खुणेला हा ‘कशाचा’ नसतो. निदानसंज्ञेपेक्षा लोकशब्द अधिक नेमका ठरतो तो येथे.

या संदर्भात बहिणाबाई चौधरी यांचे चरित्र आणि कविता आठवणे क्रमप्राप्त आहे. १८८० मध्ये आसोद्यात जन्म, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरी लग्न, तिशीच्या आसपास वैधव्य, भाऊबंदकी, मुलाला प्लेगमुळे आलेले अपंगत्व. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आणि १९१८ ची एन्फ्लुएंझाची साथ, हे सर्व त्यांच्या हयातीतील. आघातोत्तर तणाव विकार ही संज्ञा त्यांच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी आली, हा निव्वळ योगायोग. त्यांच्या कवितेचे ‘आघाताचे साहित्य’ म्हणून वाचन करणे आज सोपे आहे आणि तसे केल्याने फारसे काही हाती लागत नाही. लेवा गणबोलीतील त्या कवितेत दुःख आहे. पण ते जात्याशी, मोटेशी, खळ्याशी, म्हणजे कामाशी बांधलेले आहे. दुःख सांगताना ती बाई कष्टाचे वर्णन थांबवत नाही. आघाताच्या सिद्धान्ताला अपेक्षित असलेली ‘घटनेपूर्वी’ आणि ‘घटनेनंतर’ अशी चीर तेथे सापडत नाही, आणि ती शोधण्याचा आग्रह धरणारा समीक्षक कवितेपेक्षा सिद्धान्ताशी अधिक इमानी राहतो.

त्यांच्या एका सुप्रसिद्ध कवितेत विधवा झालेली स्त्री दारी आलेल्या ज्योतिषाला हात दाखवण्याचे नाकारते. आपले दैव आपल्याला कळते, असे ती त्याला सांगते. या नकाराला समीक्षेत सहसा श्रद्धा-अंधश्रद्धेच्या किंवा स्वावलंबनाच्या चौकटीत वाचले जाते. ते वाचन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ज्योतिषी तिचे दुःख नाकारत नाही. उलट तो ते तिच्या तळहातावर लिहिलेले आहे, असेच म्हणणार आहे. तिचा आक्षेप आहे तो वाचण्याच्या अधिकाराला. जे तिने भोगले ते तिच्या शरीरावरील रेषेतून तिलाच समजावून सांगणारा परका माणूस तिला नको आहे. रेषेच्या जागी मिथिल खूण ठेवली तरी हा आक्षेप निकालात निघत नाही. विज्ञान आणि ज्योतिष यांत मूलभूत भेद आहे. विज्ञान चुकले तर सुधारता येते. परंतु दारात उभे राहून हात मागणे या कृतीत दोघांनाही परवानगी घ्यावीच लागते.

याचा अर्थ संशोधन करू नये, असा नाही. उलट जळगाव आणि धुळे येथे अशा संशोधनाची निकड आहे आणि साधनेही आहेत. धुळ्यात १९८० च्या दशकाअखेरपासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून. आणि १९९० मध्ये स्थापन झालेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ त्याच वर्षापासून बहिणाबाईंच्या नावाने ओळखले जाते. पुण्याच्या मातापोषण अभ्यासाने हे शिकवले आहे की, असे काम तीन वर्षांच्या प्रकल्पनिधीत होत नाही. त्याच गावांत, त्याच कुटुंबांकडे दशकानुदशके परत जावे लागते. रक्ताचा पहिला नमुना आघातानंतर नव्हे, आधी घ्यावा लागेल, म्हणजे निरोगी मानल्या गेलेल्या गावापासून सुरुवात करावी लागेल. बी-१२, मिसरी, सिकलसेल आणि फवारणी यांच्या नोंदी परिशिष्टात न टाकता मुख्य तक्त्यात घ्याव्या लागतील. सहा वर्षांच्या कर्जाला एका रात्रीच्या घटनेइतकेच वजन देणारी प्रश्नावली तयार करावी लागेल, आणि ती मानसोपचारतज्ज्ञाने एकट्याने करून भागणार नाही. बोलीचा अभ्यासक आणि गावातील आशा कार्यकर्ती त्यात लागतील.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे संमतीपत्र सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत असावे, असा आग्रह धरतात. ‘तुमच्या रक्तातील जनुकांवरच्या खुणा पाहायच्या आहेत’ हे वाक्य अहिराणीत, लेवा गणबोलीत, भिलोरीत आणि पावरीत कसे लिहायचे, आणि ते ऐकून एखाद्या बाईने ‘त्यात काय दिसेल?’ असे विचारले, तर ‘तुमच्याबद्दल काहीच नाही, पुष्कळ जणींबद्दल थोडेसे’ हे खरे उत्तर तिला कोण देणार, येथपासून त्या कामाला आरंभ करावा लागेल.